आयव्हीसाठी वाजलेल्या घंटा

विल्फ सोमवारी लेस्टरला मुलाकडे कायमचा राहायला जाणार, ही बातमी हेस्टरला शनिवारी दुपारी कळली, आणि तीही चर्चच्या जत्रेत, चहाच्या तंबूत, डल्सीच्या तोंडून. डल्सी स्कोनना जॅम लावत होती. तिनं बातमी अशा बेतानं सांगितली की आजूबाजूच्या तिघी-चौघींच्या कानावर जावी, पण आपण काही जाहीर केलं असं दिसू नये. धाकट्या बहिणीचं हे कसब हेस्टर बासष्ट वर्षं बघत आली होती.

"कधी ठरलं?" हेस्टरनं विचारलं.

"ठरलं म्हणजे काय, सूनबाईंनी ठरवलं. खोली रंगवूनसुद्धा झाली म्हणे. पिवळी."

हेस्टरनं मोठ्या किटलीत पाणी ओतलं, झाकण लावलं आणि पहिल्यासारखीच कपांची रांग लावत राहिली. डल्सीला तिच्या चेहऱ्यावर काहीच मिळालं नाही, म्हणून ती थोडी हिरमुसली.

त्या वर्षी व्हिकरसाहेबांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीला हिरवळ म्हणणं म्हणजे निव्वळ शिष्टाचार होता. मेपासून आभाळानं थेंब टाकला नव्हता. बागेला नळी लावायची बंदी, आंघोळीच्या पाण्यावर वाटाण्याच्या वेली जगवायच्या. व्हिकर टॅप्लो आठ रविवार वेदीपुढे पावसासाठी प्रार्थना करत होते, आणि शुक्रवारी मात्र त्यांनी खासगीत, जत्रेचा एक दिवस तेवढा कोरडा जाऊ दे, असं मागणं मागितलं असावं अशी लोकांना शंका होती. भाजीच्या स्पर्धेत पहिला आलेला भोपळा एरवीच्या काकडीएवढा होता. पर्सी नॉक्स, चर्चच्या मनोऱ्यातला सगळ्यांत जुना घंटा वाजवणारा, तो बक्षिसाचा कागद हातात धरून म्हणाला की हे बक्षीस दुष्काळाला द्या, माझा यात काही हात नाही.

जुन्या वस्तूंच्या टेबलावर विल्फच्या सुनेनं, ब्रेंडानं, सासऱ्याच्या घरातली तीन खोकी आणून मांडली होती. घर आवरायचं तर कुठून तरी सुरुवात करायला हवी, असं ती प्रत्येकाला सांगत होती. हेस्टर तिकडून जाताना थबकली. खोक्याच्या काठावर आयव्हीचा निळा दुधाचा जग होता. आयव्ही विल्फची बायको. तिला जाऊन या जुलैत एकोणीस वर्षं झाली होती. जग घ्यावा असं हेस्टरच्या मनात आलं, पण कोणत्या तोंडानं घ्यायचा, हेही लगेच मनात आलं. ती पुढे निघून गेली. परत आली तेव्हा व्हिकरच्या बायकोनं तो चर्चमधल्या फुलांसाठी उचलला होता.

हेस्टर आणि विल्फ, सख्खी बहीणभावंडं, एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. ऑल्डर्सवेल गावाला त्याची सवय झाली होती, जशी मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या दहा मिनिटं मागे चालण्याची झाली होती. नवल एवढंच की हीच दोघं दर रविवारी सकाळी त्याच मनोऱ्यात, एकमेकांपासून चार फुटांवर, दोर धरून उभी राहायची. दुसरी घंटा विल्फची, तिसरी हेस्टरची. विल्फ मुकादम, म्हणजे घंटांचा क्रम बदलायची आज्ञा त्याची. "तीन, चारच्या मागे," असं तो म्हणे, आणि हेस्टर चौथ्या घंटेमागे जाई. "तीन, दोनच्या मागे," म्हणाला की ती परत त्याच्या मागे येई. एकोणीस वर्षांत तो तिच्याशी बोललेले शब्द एवढेच.

आणि ज्याच्या मागे वाजवायचं त्याच्या हातांकडे बघावं लागतं. त्याचा चेहरा तिनं कधी निरखला नव्हता, पण हात तिला तोंडपाठ होते. त्याची बोटं सुजायला लागली ते तिला त्याच्या मुलाच्या, क्लाइव्हच्याही आधी कळलं होतं. लग्नाची अंगठी निघेना म्हणून कापून काढली, तेही तिनं हातावरच्या पांढऱ्या वळावरून ओळखलं होतं.

चार वाजता घरची माणसं मोठ्या झाडाखालच्या लांब टेबलाशी जमली. विल्फ, त्याचा मुलगा क्लाइव्ह, सून ब्रेंडा, डल्सी. हेस्टर चहा घेऊन आली आणि डल्सीच्या पलीकडे बसली, म्हणजे विल्फपासून दोन हातांवर. ब्रेंडा लेस्टरच्या खोलीचं वर्णन करत होती. बसचा थांबा दारातच, दवाखाना समोर, जिना नाहीच. हेस्टर बराच वेळ ऐकत होती. मग तिनं कप खाली ठेवला.

"डल्सी, त्याला विचार, लेस्टरला घंटा कुठे आहेत जवळ?"

डल्सीनं मान वळवली. "विल्फ, हेटी विचारतेय की—"

"ऐकलं मी," विल्फ डल्सीला म्हणाला. "तिला सांग, आहेत. पण तिथले वाजवणारे परीक्षा पास झालेले लागतात, मला घेणार नाहीत."

क्लाइव्ह हसला. तो बिचारा लहानपणापासून या टेबलावर हसायची संधी शोधत आला होता.

"त्याला सांग, जन्म इथं गेला. आता एकाहत्तराव्या वर्षी पिवळ्या खोलीत काय करणार?"

"हेटी आत्या," ब्रेंडा मध्येच म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "रागावू नका. पण मे महिन्यात बाबा जिन्यात पडले, तेव्हा चार तास तिथंच होते. दूधवाल्यानं पाहिलं म्हणून. तुमचं घर तीन दारं सोडून आहे. तुम्हाला कळलं का?"

"ब्रेंडा," क्लाइव्ह म्हणाला.

"नाही, मला विचारू दे. कळलं का?"

कळलं होतं. त्या आठवड्याच्या रविवारी त्याच्या डाव्या मनगटावरची काळीनिळी सूज हेस्टरनं दोराच्या पहिल्याच ओढीला पाहिली होती. तिनं कुणाला विचारलं नाही. घरी जाऊन त्याच्यासाठी मटणाचं सूप करायला घेतलं, आणि मग एकटीनं तीन दिवस तेच प्यायली.

तिनं डल्सीकडे पाहिलं. असल्या वेळी डल्सी नेहमी तिच्या बाजूनं एखादं बोचरं वाक्य टाकायची. डल्सी टेबलावरचे स्कोनचे कण गोळा करत होती.

"ब्रेंडाचं बरोबर आहे, हेटी," ती म्हणाली. "त्यानं जावं."

"तू कधीपासून तिकडची झालीस?"

"मी कुणाचीच नाही. मी दमलेय. एकोणीस वर्षं तुमचं टपाल वाहतेय. हा म्हणतो सांग, ती म्हणते सांग. माझे गुडघे गेले, तरी तुमचा निरोप काही संपत नाही. तो गेला तर मला निदान स्वस्थ बसून चहा पिता येईल."

पलीकडे बँडवाले तिसऱ्यांदा तीच धून वाजवत होते. विल्फनं टोपी उचलली, झटकली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"डल्सी, एवढा एकच पोहोचव," तो म्हणाला. "तिला सांग, उद्या साडेदहाला शेवटचं वाजवतोय. तिसरीवर मला दुसरं कोणी नको."

डल्सीनं तो निरोप पोहोचवला नाही. ती उठून गेली, आणि हेस्टर तिथंच बसून राहिली, ऐकलेल्या निरोपाची वाट बघत असल्यासारखी.

संध्याकाळी तंबू उतरला. पासष्ट कप धुताना हेस्टरनं ठरवलं की उद्या सांगून टाकायचं. तो परत येईल तो शवपेटीतूनच. त्याच्या रागाचं कारण तो बरोबर घेऊन जाणार आणि आपण इथं ते एकटीनं सांभाळत बसणार, हे तिला सोसवेना. निदान तोंडानं कबूल तरी करायचं. मग त्यानं काय म्हणायचं ते म्हणावं.

कबूल करायचं ते असं होतं.

या गावात माणूस गेलं की घंटा दबक्या वाजवतात. प्रत्येक घंटेच्या लोलकाला एका बाजूनं चामड्याची गादी बांधायची. मग एक ठोका मोकळा येतो आणि दुसरा खूप लांबून, दुसऱ्या गावातून आल्यासारखा. वडील मुकादम असल्यापासून गाद्या बांधायचं काम हेस्टरचं, कारण वरच्या झडपेतून निघेल अशी अंगकाठी घरात तिचीच होती. आयव्हीला नेलं त्या बुधवारी ती सहा गाद्या घेऊन वर गेली. घंटांच्या मधल्या तुळईवर बसली. आणि तिथं बसल्या बसल्या तिच्या मनात सगळं साचलेलं वर आलं. आयव्ही चॅपलवाली, म्हणजे चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथातली. चर्चमध्ये पाय ठेवणार नाही म्हणाली, म्हणून विल्फनं चॅपलात लग्न केलं, जिथं घंटाच नाही. तीन पिढ्या घंटा वाजवणाऱ्या घरातला एकुलता मुलगा, आणि त्याच्या लग्नात एक ठोका वाजला नाही. वडील त्या लग्नाला गेले नाहीत, मरेपर्यंत त्याच्या घरी जेवले नाहीत. एवढं सगळं करून आता हिला आमचा शोकही हवा काय? असं हेस्टरला वाटलं. पाच मिनिटं वाटलं असेल. तेवढी पुरली.

ती गाद्या कोटाखाली धरून खाली आली. पर्सीनं विचारलं, बांधल्यास का. ती म्हणाली, "चॅपलच्या बाईला कसल्या गाद्या? अशाच वाजवा." विल्फचीच तशी इच्छा असेल असं समजून पर्सीनं शेजारगावच्या दोघांना दोर दिले, कारण घरची माणसं त्या दिवशी वाजवत नाहीत. आणि घंटा सुटल्या. मोकळ्या, खणखणीत, लग्नाच्या वरातीला वाजाव्यात तशा. हेस्टर खिडकीच्या फटीशी उभी होती. गावाची दफनभूमी एकच, चर्चची; तिच्या फाटकातून शवपेटी आत आली होती, मागून विल्फ, खाली मान घालून. पहिल्या ठोक्याला तो जागच्या जागी थांबला. मान वर केली. खांदेकरी पुढे गेले तरी तो तिथंच उभा, मनोऱ्याकडे बघत. त्याचा तो चेहरा तिनं पाहिला, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं फक्त हात पाहिले.

तिसऱ्या दिवशी तो तिच्या दारी आला, वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळलेलं घेऊन. जाब विचारायला आला असणार. ती वर पडद्याआड उभी राहिली, दार उघडलं नाही. आठवड्यानं पुन्हा आला. तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा तो आला नाही.

रविवारी सकाळी साडेदहाला सगळे वेळेवर आले. उन्हानं मनोऱ्याचा दगडसुद्धा कोमट झाला होता. पर्सीनं नवा शर्ट घातला होता. दोर हातात आले की बोलायचं नसतं, ही मोठीच सोय. विल्फनं इशारा दिला आणि सहाही घंटा सरळ क्रमानं चालू लागल्या. हेस्टर त्याच्या हातांकडे बघत होती. ते हात दमले होते, पण चुकत नव्हते. त्यानं तिला एकदाही दूर पाठवलं नाही. चार पाचच्या मागे गेली, पाच सहाच्या मागे गेली, पण तीन शेवटपर्यंत दोनच्या मागेच राहिली. हे तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग तिला दोर नीट दिसेना.

"थांबा," विल्फ म्हणाला, आणि सहा घंटा एकामागोमाग स्थिर झाल्या.

पर्सीनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि जिना उतरायला लागला. बाकीचे त्याच्या मागे गेले. खाली प्रार्थनेला अजून पंधरा मिनिटं होती. विल्फ आपला दोर गुंडाळत होता. हेस्टर भिंतीशी उभी राहिली. खिडकीत गाद्यांची लाकडी पेटी होती, तिकडे हेस्टरची पाठ होती.

"मला तुझ्याशी बोलायचंय," ती म्हणाली.

तो वळला. "हेटी," तो म्हणाला. नुसतंच. मग बाकावर बसला. "आधी मला बोलू दे. तू सुरू केलंस की माझी पाळी यायची नाही."

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"मी दोनदा आलो होतो तुझ्याकडे. तू वर होतीस. पडदा हलला होता."

"माहीत आहे."

"तिचा निळा जग आणला होता. तुला द्यावा म्हणून. आभार मानायला आलो होतो ग."

हेस्टरला वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकलं. "कशाचे?"

"घंटांचे." त्यानं सुजलेली बोटं गुडघ्यांवर पसरली. "आमच्या लग्नात वाजल्या नाहीत. आयव्ही कधी बोलली नाही, तिचाच हट्ट होता ना. पण गावात कुणाचं लग्न असलं, मनोऱ्यातून घंटा सुटल्या की ती स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. थंडीतसुद्धा. मला वाटायचं, आपण हिला एक गोष्ट दिली नाही. त्या दिवशी मी मागून चालत होतो. दबके ठोके ऐकायचे आहेत, म्हणून मन घट्ट करून. आणि एकदम त्या मोकळ्याच वाजल्या. मला पाऊल उचलता येईना. गाद्या बांधायचं काम हेटीचं. तिनं बांधल्या नाहीत म्हणजे मुद्दामच. म्हटलं, जिच्याशी तिचं कधी जमलं नाही, तिला हेटीनं शेवटी लग्नाच्या घंटा दिल्या."

खाली ऑर्गन हळूहळू सुरू झाला होता. हेस्टरनं भिंतीला हात टेकला.

"विल्फ," ती म्हणाली, "ते मी चांगल्या मनानं नव्हतं केलं."

तो हसला. इतक्या वर्षांनी त्याचं हसू तिनं समोरून पाहिलं, आणि ते अगदी वडिलांसारखं झालं होतं. "तू आयुष्यात काय चांगल्या मनानं केल्याचं कबूल केलंयस? सात वर्षं आईचं केलंस, आणि कोणी कौतुक केलं की म्हणायचीस, दुसरा काही उद्योग नाही म्हणून करते."

"तसं नाही. ऐक तरी."

"आणि म्हणूनच दार उघडलं नाहीस. कोणी आभार मानलेले तुला कधी सोसले नाहीत. मग मी म्हटलं, राहू दे. तिला वाटेल तेव्हा ती बोलेल." त्यानं मान हलवली. "इतकी वर्षं लावशील असं वाटलं नव्हतं मला."

तिला रडू आलं नाही. तीन दारांचं अंतर, चार फुटांचं अंतर, आयव्हीच्या मागे त्यानं एकट्यानं काढलेले एकोणीस नाताळ, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. रागावलेला माणूस तिथं कधी नव्हताच. ती एकटीच स्वतःच्या भीतीनं पडद्यामागे उभी राहिली होती.

"एक मागणं आहे," विल्फ म्हणाला. "मला आणतील इथंच, आयव्हीच्या शेजारी. क्लाइव्हला सांगितलंय. त्या दिवशी माझ्यासाठीही गाद्या बांधू नकोस. तिच्यासारख्याच वाजू देत. म्हणजे आम्हा दोघांच्या लग्नाच्या घंटा पुऱ्या होतील."

सांगायचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. काल कप धुताना तिनं ते दहा वेळा घोकलं होतं. आता सांगितलं तर आयव्हीच्या लग्नाच्या घंटा या माणसाकडून आपण दुसऱ्यांदा काढून घेऊ, असं तिनं स्वतःला बजावलं. ते खरंही होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू जाऊ नये, ते आपल्याकडे बघून पुन्हा दगड होऊ नये, म्हणून ती गप्प बसली, हे त्याहून खरं होतं. तिला ते पक्कं माहीत होतं.

"तशाच वाजू देईन," हेस्टर म्हणाली.

तो उठला. जिना चक्राकार, एकेचाळीस पायऱ्यांचा. तो एकेक पायरी दमानं उतरत होता आणि ती त्याच्या मागून उतरत होती, त्याचा हात भिंतीवर कुठे पडतो ते बघत. प्रत्येक पायरीवर अजून वेळ होता. मग पायऱ्या संपल्या.

चर्चमध्ये ती नेहमी डल्सीच्या शेजारी बसायची. आज विल्फच्या बाकावर त्याच्याजवळ जाऊन बसली. पुढच्या रांगेतून डल्सीनं मागे पाहिलं आणि तिच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक खाली पडलं; मग तिनं रुमाल काढला. ब्रेंडानं क्लाइव्हला कोपरानं ढोसलं. फुलं कुठेच उरली नव्हती, म्हणून बायकांनी खिडक्यांमध्ये बार्लीची कणसं लावली होती. तिसऱ्या खिडकीत ती आयव्हीच्या निळ्या जगात होती.

गाणं सुरू झालं. विल्फनं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं, तिच्या बाजूला थोडं जास्तच. तिला एक ओळही म्हणता आली नाही. तिचा आवाज उन्हाळ्यानं बसलाय असं तो समजला आणि दोघांच्या वाटचं एकटाच म्हणत राहिला.

त्याचा दिवस येईल तेव्हा ती घंटा मोकळ्या ठेवील. अख्खं गाव कान देऊन ऐकेल आणि म्हणेल, बहिणीनं भावाला दिलेला शब्द पाळला.